एफ-१६चे व्हीलब्रेक: सिम्युलेटरमध्ये जेट सरळ ठेवून वेळेत थांबवण्यासाठी

डीसीएस वर्ल्ड या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एफ-१६सी हे लढाऊ विमान शिकताना बहुतेकांचं लक्ष रडार, क्षेपणास्त्रं आणि हवेत इंधन भरण्याकडे असतं. चाकांच्या ब्रेककडे कुणी फारसं बघत नाही. मग टॅक्सीवेवर (रनवेकडे नेणाऱ्या रस्त्यावर) विमान एकाच बाजूला ओढतं, लँडिंगनंतर रनवे पुरत नाही, किंवा पहिल्याच वळणावर पंखाचं टोक जमिनीला घासतं. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्ही गोष्टी टाळता येतात. पुढचं सगळं ब्लॉक ५० च्या एफ-१६सी बद्दल आहे. शेवटी मिग-२१बिसबद्दल थोडं लिहिलं आहे, कारण त्याचे ब्रेक पूर्णपणे निराळ्या तत्त्वावर चालतात आणि एफ-१६ची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

## आधी ऊर्जेचा हिशेब

उतरताना विमानाचं वजन ११ टन आणि वेग १५० नॉट धरा (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). त्याची गतिज ऊर्जा होते सुमारे ३३ मेगाज्यूल. वेग १०० नॉटवर आला की हीच ऊर्जा साडेचौदा मेगाज्यूलच्या आसपास उरते. म्हणजे वेग एक तृतीयांशाने कमी झाला, पण ऊर्जा निम्म्याहून जास्त गेली. ही ऊर्जा हवेने खाल्ली तर फुकट. ब्रेकने खायची म्हटली, तर तेवढी सगळी उष्णता ब्रेकच्या चकत्यांत साठते.

आता अंतर बघा. दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतका वेग एकसारखा कमी होतो असं धरलं, तर १५० नॉटवरून थांबायला सुमारे ९९० मीटर लागतात, १०० नॉटवरून ४४० आणि ७० नॉटवरून जेमतेम २१६. त्यामुळे सुरुवातीचे ५० नॉट कसे घालवता यावर सगळं अवलंबून आहे, आणि त्या टप्प्यात चाकांचे ब्रेक सर्वांत दुबळे असतात. पंखांवर अजून लिफ्ट (उचलणारा जोर) असते, विमानाचं पूर्ण वजन चाकांवर आलेलं नसतं. टायरची पकड वजनावर ठरते. वजनच नसेल तर पेडल कितीही जोरात दाबा, चाक फक्त घसरायला बघतं आणि अँटी-स्किड (चाक घसरू न देणारी यंत्रणा) ते पुन्हा पुन्हा सोडून देतं.

## पेडल आणि अ‍ॅक्सिसची जुळणी

अ‍ॅक्सिस म्हणजे पेडल किंवा स्टिकच्या हळूहळू बदलणाऱ्या हालचालीचा सिग्नल. उड्डाणाआधी त्याच्या जुळणीसाठी पंधरा मिनिटं द्या. ब्रेकच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

१. आधी विंडोजमधल्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत पेडल तपासा. दोन्ही टो ब्रेक (पेडल पुढे सरकवलं की रडर, त्याची वरची बाजू पावलाने दाबली की त्या बाजूचा ब्रेक) एकेक करून दाबा. प्रत्येकाची पट्टी पूर्ण सरकायला हवी आणि पाय काढल्यावर पूर्ण परत यायला हवी. इथेच पट्टी अडकत असेल तर सिम्युलेटरमध्ये काहीही करून उपयोग नाही, आधी कॅलिब्रेशन करा.

२. डीसीएसच्या कंट्रोल्समध्ये एफ-१६सी निवडून अ‍ॅक्सिस कमांड्सचा वर्ग उघडा. नवं उपकरण जोडलं की डीसीएस स्वतःहून काही अ‍ॅक्सिस वाटून टाकतं. टो ब्रेकच्या रकान्यात पिच, रोल किंवा थ्रॉटल बसलेलं हमखास सापडतं. आपण न मागितलेलं सगळं पुसा.

३. व्हील ब्रेक लेफ्ट आणि व्हील ब्रेक राइट या दोन ओळींत आपापली पेडलं बसवा.

४. प्रत्येकाचं अ‍ॅक्सिस ट्यून उघडा आणि पाय न लावता ठिपका कुठे आहे ते बघा. बऱ्याच पेडलांचा सिग्नल उलटा येतो. पाय काढलेला असताना ब्रेक पूर्ण लागलेला, आणि दाबला की सुटलेला. अशा वेळी इन्व्हर्टवर खूण करा. हे राहिलं तर इंजिन सुरू केल्यावर विमान जागचं हलत नाही, आणि माणूस पार्किंग ब्रेक शोधत बसतो.

५. स्लायडरवर खूण करा. ती नसेल तर डीसीएस अ‍ॅक्सिसचा मध्य हा शून्य मानतं आणि डेडझोन (जिथली हालचाल मोजलीच जात नाही तो भाग) पेडलच्या अर्ध्या प्रवासावर जाऊन बसतो. तो आपल्याला सुरुवातीला हवा आहे, जिथे पाय नुसता टेकलेला असतो.

६. डेडझोन ५ ते १० ठेवा. पेडलची स्प्रिंग हलकी असेल तर १० कडे झुका. कर्व्ह १५ ते २० दिला की सुरुवातीचा दाब मऊ होतो आणि टॅक्सी करताना नाक डुचमळत नाही. त्याहून जास्त कर्व्ह देऊ नका. मग शेवटच्या टप्प्यात ब्रेक एकदम चावतो.

पेडल नसलेल्यांसाठी डब्ल्यू ही की दोन्ही ब्रेक एकत्र लावते, पण पूर्ण लावते किंवा पूर्ण सोडते, मधलं काही नाही. थ्रॉटलवर एखादं रिकामं स्लायडर, फिरती कळ किंवा मागच्या बाजूचा पॅडल (बोटाने दाबायची पट्टी) असेल तर ते एकत्रित व्हील ब्रेकच्या अ‍ॅक्सिसला द्या. एका बाजूचा ब्रेक मिळत नाही, पण एफ-१६मध्ये वळायला नोजव्हील स्टिअरिंग (पेडलांनी पुढचं चाक वळवणं) आहे, त्यामुळे फारसं अडत नाही. हळूहळू वाढवता येणारा दाब मिळणं त्याहून कितीतरी महत्त्वाचं आहे.

## कॉकपिटमधल्या दोन खटक्या

डाव्या बाजूला, लँडिंग गिअरच्या हँडलजवळच्या पॅनेलवर ब्रेकच्या दोन खटक्या आहेत.

पहिली ब्रेक्स चॅनलची. तिच्यावर १ आणि २ अशा दोन जागा. ब्रेकचं नियंत्रण विजेवर चालतं आणि दोन स्वतंत्र वाटांनी येतं. एक वाट बंद पडली तर दुसरी असते. नेहमी १ वर ठेवा.

दुसरी खटकी तीन जागांची: वर पार्किंग ब्रेक, मध्ये अँटी-स्किड, खाली ऑफ. उड्डाणभर मधली जागा. अँटी-स्किड दोन कामं करतं. चाक घसरू लागलं की त्याचा दाब क्षणभर सोडतं, आणि उतरताना पेडलं चुकून दाबलेली असली तरी चाकं फिरू लागेपर्यंत ब्रेक लागू देत नाही. खटकी ऑफवर असेल किंवा यंत्रणेत बिघाड असेल तर कॉशन पॅनेलवर अँटी स्किडचा दिवा पेटतो. लँडिंगआधी तो विझलेला आहे का, हे गिअरच्या तीन हिरव्या दिव्यांबरोबरच बघायची सवय लावा.

पार्किंग ब्रेकची खटकी चुंबकाने धरून ठेवलेली असते. थ्रॉटल आयडलपासून (सर्वांत कमी जोराच्या जागेपासून) साधारण इंचभर पुढे गेला की ती आपोआप अँटी-स्किडवर परत येते. टेकऑफपूर्वी इंजिन तपासताना विमान पार्किंग ब्रेकवर उभं राहील असं समजणारे इथे फसतात. तेव्हा पायाने ब्रेक धरावे लागतात.

आणखी एक बारकावा. ब्रेकला दाब मिळतो हायड्रॉलिक सिस्टिम बी कडून, आणि इंजिन बंद असताना दाब साठवून ठेवणाऱ्या दोन अ‍ॅक्युम्युलेटरांकडून. हेच अ‍ॅक्युम्युलेटर इंजिन सुरू करणाऱ्या जेएफएसलाही ताकद देतात. जेएफएस स्टार्ट २ वर टाकलं की दोन्ही वापरले जातात, आणि इंजिन चालू होऊन सिस्टिम बी वर आली की पुन्हा भरतात. म्हणून उतारावर उभ्या असलेल्या थंड विमानाचा भरवसा ब्रेकवर ठेवू नका. ग्राउंड क्रूच्या मेनूतून चाकांपुढे ठोकळे लावून घ्या, आणि निघण्यापूर्वी काढायला सांगा.

## टॅक्सी: ब्रेक लावून गाडी ओढायची नाही

एफ-१६चं इंजिन आयडलवरही बराच जोर देतं. हलकं विमान नुसत्या आयडलवर वेग घेत जातं. त्यामुळे नवा माणूस पेडलवर सतत थोडा थोडा पाय ठेवून वेग धरायचा प्रयत्न करतो, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. सतत घासणारा ब्रेक तापत राहतो आणि त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. खऱ्या विमानात लांब टॅक्सीनंतर टेकऑफ रद्द करावा लागला, तर आधीच तापलेले ब्रेक ती ऊर्जा पेलू शकत नाहीत. सिम्युलेटरमध्ये हे तापणं दिसो वा न दिसो, हात-पाय योग्य तेच शिकले पाहिजेत.

पद्धत अशी:

- नोजव्हील स्टिअरिंगचं बटण दाबा. उजवीकडच्या इंडेक्सरवर (दिव्यांच्या छोट्या पट्टीवर) एनडब्ल्यूएसचा, म्हणजे नोजव्हील स्टिअरिंगचा, हिरवा दिवा लागलेला बघा. पेडलं मध्यावर असतानाच बटण दाबायचं. पेडल एका बाजूला दाबलेलं असताना स्टिअरिंग जोडलं गेलं तर नाक झटक्याने वळतं.
- उजव्या कन्सोलवरच्या हुड (समोरच्या काचेवर आकडे दाखवणारा पडदा) पॅनेलवर वेगाची खटकी ग्राउंड स्पीडवर टाका. कॅसवर (हवेच्या तुलनेतल्या वेगावर) ठेवलं तर टॅक्सीचा वेग कळत नाही, आणि तीस नॉट डोळ्यांना पंधरासारखे वाटतात.
- विमान हललं की लगेच दोन्ही ब्रेक एकदा दाबून बघा, मग चॅनल २ वर टाकून पुन्हा, आणि परत १ वर.
- सरळ पट्ट्यावर वेग २५ नॉटपर्यंत जाऊ द्या. मग दोन्ही ब्रेक सारख्या दाबाने लावून १० ते १५ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा वाढू द्या.
- वळणात १० नॉट. ब्रेक वळणाआधी लावून संपवायचा. वळणात लावायचा नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एफ-१६च्या मुख्य चाकांमधलं अंतर फक्त २.३६ मीटर आहे आणि पंखांचा विस्तार जवळपास दहा मीटर. अरुंद पायावर उभं असलेलं हे विमान वेगात वळवलं की बाहेरच्या बाजूला झुकतं, त्यात ब्रेक मारला की नाक दबतं, आणि पंखाखाली टाक्या-बॉम्ब असले तर ते आणखी कलतं.

रनवेवर पोचलात की वेगाची खटकी कॅसवर परत न्या. टेकऑफच्या धावेत टाचा जमिनीवर आणि पावलाची पुढची बाजू पेडलच्या खालच्या भागावर असू द्या, म्हणजे रडर देताना नकळत ब्रेक लागणार नाही. ७० नॉटच्या सुमारास नोजव्हील स्टिअरिंग बंद करा. तोवर रडर काम करू लागलेलं असतं.

## लँडिंग: आधी हवा, मग चाक

एफ-१६च्या लँडिंगमध्ये सर्वांत स्वस्त ब्रेक म्हणजे विमानाचं स्वतःचं पोट आणि पंख. नाक वर धरून हवेला आडवं जायचं, याला एरोब्रेकिंग म्हणतात.

अप्रोच ११ अंश अँगल ऑफ अटॅकवर (पंख समोरून येणाऱ्या हवेशी करतात त्या कोनावर) करा. हुडवरच्या कंसाची वरची कड ११, मध्य १३, खालची कड १५ दाखवते. मुख्य चाकं टेकली की थ्रॉटल पूर्ण आयडलवर. इथे हार्डवेअरही तपासा. कॅलिब्रेशन चुकलेलं थ्रॉटल मागे खेचलं तरी दोन-चार टक्के पुढेच राहतं आणि विमान हट्टाने पळत राहतं.

मग स्टिक हळूहळू मागे घेत नाक १३ अंशांवर धरा. वेग कमी होईल तशी स्टिक आणखी मागे लागते. १५ ओलांडू नका. इंजिनचं नॉझल आणि स्पीडब्रेक रनवेला घासतात. या टप्प्यात पाय ब्रेकवर नकोत. ब्रेक लागला की नाक खाली ओढलं जातं आणि फुकटची हवा हातची जाते.

१०० नॉटच्या आसपास नाक खाली येऊ द्या. स्टिक एकदम सोडू नका. मागचे आडवे पंख अजून काम करत असतात, त्यांच्या जोरावर नाक अलगद टेकवता येतं. फार वेळ धरून ठेवलंत तर ८० नॉटच्या खाली तो जोर संपतो आणि नाक आपटतं.

नोजव्हील टेकल्यावर या क्रमाने:

१. स्पीडब्रेकची कळ मागे दाबून धरा. चाकं खाली असताना स्पीडब्रेक ४३ अंशांपर्यंतच उघडतात, कारण नाक वर असताना ते जमिनीला लागतील. नाक टेकल्यावर ते पूर्ण ६० अंश उघडतात.

२. स्टिक पूर्ण मागे घ्या. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या वेगाला नाक उचललं जात नाही. मागचे आडवे पंख मोठ्या कोनात उभे राहून हवा अडवतात आणि मागचा भाग खाली दाबतात. मुख्य चाकांवर वजन वाढतं, म्हणजे ब्रेकची पकडही वाढते.

३. आता दोन्ही ब्रेक एकाच दाबाने, सलग. अँटी-स्किड चालू असताना पेडल पंपासारखं मारू नका. प्रत्येक वेळी सोडलेल्या क्षणात विमान पुढे जात राहतं, आणि दाब सोडण्याचं काम अँटी-स्किड आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने करतं.

४. वेग टॅक्सीइतका झाल्यावर, पेडलं मध्यावर आणून, नोजव्हील स्टिअरिंग जोडा. दिशा आधीच बिघडत असेल तर त्याआधीही जोडता येतं, पण पेडल मध्यावर हवंच.

आडवा वारा जोरात असेल तर एरोब्रेकिंग लांबवू नका. नाक वर असताना विमान वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघतं आणि वेग उतरेल तशी रडरची ताकद कमी होते. नाक लवकर टेकवा, स्टिक थोडी वाऱ्याच्या बाजूला ठेवा, आणि ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा ब्रेक किंचित जास्त द्या.

## टेकऑफ सोडून द्यावा लागला तर

इथे विमान जड असतं, इंधन भरलेलं, शस्त्रं टांगलेली, आणि एरोब्रेकिंगचा पर्याय नाही. थ्रॉटल आयडल, स्पीडब्रेक पूर्ण, स्टिक मागे, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून धरायचे. अर्ध्या मनाने दाबायची ही जागा नाही. थांबल्यावर पार्किंग ब्रेक लावून शेजारी दुसरं विमान असेल तिथे उभे राहू नका. खऱ्या तळावर तापलेले ब्रेक आणि टायर ही आगीची आणि स्फोटाची शक्यता मानतात आणि विमान बाजूला, मोकळ्या जागी नेतात.

## बिघाड ओळखताना

ब्रेक अजिबात लागत नसतील तर पाय उचला, चॅनल बदला, पुन्हा दाबा. तरीही काही नाही आणि अँटी स्किडचा दिवा पेटलेला असेल तर खटकी ऑफवर टाका. त्यानंतर पाय अगदी हलका हवा. आता चाक घसरताना सोडवणारं कुणी नाही. अडकलेलं चाक टायर फोडतं आणि विमान त्या बाजूला फिरतं.

इंजिन बंद पडून उतरत असाल तर सिस्टिम बी चा दाब गेलेला असतो. आणीबाणीचं पॉवर युनिट सिस्टिम ए चालवतं, ब्रेक तिच्यावर नाहीत. ब्रेकसाठी उरतो अ‍ॅक्युम्युलेटरचा साठा, तोही मोजका. एकदा लावायचे, सारखा दाब धरायचा, थांबेपर्यंत सोडायचं नाही. प्रत्येक वेळी सोडून दाबलं की साठ्यातलं तेल खर्च होतं.

विमान सतत एका बाजूला ओढत असेल तर आधी अ‍ॅक्सिस बघा, मग वारा, मग टांगलेल्या शस्त्रांचा तोल. बहुतेकदा एका टो ब्रेकचा डेडझोन कमी पडलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: दोन्ही पाय पेडलवरून पूर्ण काढा. ओढणं थांबलं, तर दोष पेडलचा.

## सराव

कॉकेशस नकाशा डीसीएसबरोबर मोफत मिळतो. त्यातल्या कुटाइसी विमानतळाचा रनवे अडीच किलोमीटरचा आहे, सरावाला बरोबर. आधी नुसती टॅक्सी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, २५ आणि १० नॉटच्या मर्यादेत. मग १०० नॉटपर्यंत धाव आणि टेकऑफ सोडणं. मग लँडिंग, आधी मुद्दाम फक्त एरोब्रेकिंगवर किती अंतर लागतं ते बघा, दुसऱ्यांदा पूर्ण क्रम वापरा. रिप्लेमध्ये बाहेरून बघितलं की नाक नेमकं कुठे टेकलं ते दिसतं. एफ-१६ विकत घेतलेलं नसेल तर मोफत मिळणाऱ्या सु-२५टी वर सुरुवात करा. तिथे डब्ल्यूने ब्रेक आणि पी ने ब्रेकिंग पॅराशूट.

एफ/ए-१८सी कडे वळणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा: जमिनीवर अँटी-स्किड चालू, विमानवाहू जहाजावर बंद. डेकवर हळू सरकताना ब्रेक आपोआप सुटलेला परवडत नाही.

## मिग-२१बिस: पेडलवर ब्रेक नाहीतच

हे विमान नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात बांधलं गेलं आणि भारतीय हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगढमध्ये निवृत्त झालं, त्यामुळे मराठी सिमरांमध्ये त्याचं वेड आहे. इथे ब्रेकची मूठ स्टिकवर असते आणि ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. मूठ दाबली की दाब दोन्ही चाकांकडे जातो. कोणत्या चाकाला किती, हे पेडलं ठरवतात. डावं पेडल पुढे असताना मूठ दाबली की डावं चाक धरलं जातं आणि उजवं सुटतं.

पुढचं चाक मोकळं फिरतं, त्याला स्टिअरिंग नाही. म्हणून वळण्याचा एकच मार्ग आहे: आधी थोडा वेग, मग पेडल, मग मूठ थोडी थोडी. उभ्या विमानात पेडल देऊन मूठ दाबली तर काहीच होत नाही. वळण पूर्ण व्हायच्या आधीच उलटं पेडल देऊन मूठ एकदा हलकेच दाबा, नाहीतर नाक वळतच राहतं.

सेटिंगमध्ये ब्रेकचा एकच अ‍ॅक्सिस लागतो, तो स्टिकवरच्या एखाद्या दाबता येणाऱ्या पॅडलला द्या. उतरल्यावर क्रम असा: नाक टेकवा, ताशी ३२० किलोमीटरच्या खाली पॅराशूट उघडा, विमान सरळ आहे याची खात्री करा, आणि मगच मूठ. पेडल एका बाजूला असताना वेगात मूठ दाबली तर सगळा ब्रेक एकाच चाकावर जातो आणि विमान रनवेवरून बाहेर पडतं. म्हणून मूठ दाबण्याआधी पाय मध्यावर आहेत का, हे प्रत्येक वेळी तपासायचं.